ती वही मॉनिटरच्या हाती देऊ नका

वाचकाचं पत्र

*मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. 'मला सांगायचंय…' या निबंधात नववीतल्या एका मुलानं शेवटच्या चार ओळींत लिहिलं, की त्याला मुलं आवडतात आणि हे अजून कुणालाच माहीत नाही. त्याची वही दहा दिवस माझ्या कपाटात पडून आहे. वर्गात 'बायल्या', 'छक्का' हे शब्द रोज कानावर पडतात. मुख्याध्यापकांना आडून विचारलं तर म्हणाले, "हा विषय नको, पालक अंगावर येतील." अशा मुलांना माझा वर्ग आपला वाटावा असं शिकवायचंय, पण सुरुवात कुठून करू? आणि त्याच्या घरी सांगायला हवं का?*
*– एक शिक्षिका*

नमस्कार बाई,

आधी वहीचं बघू, कारण ते थांबण्यासारखं नाही. त्या मुलानं धीर एकवटून चार ओळी लिहिल्या, वही जमा केली आणि त्यानंतर दहा दिवस तुमच्याकडून चकार शब्द नाही. रोज तुमच्या तासाला तो तुमचा चेहरा वाचत असणार. उद्याच बोला. 'निबंधाबद्दल जरा बोलायचं होतं' एवढं निमित्त पुरे. जागा अशी निवडा, की येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही दोघं दिसाल पण ऐकू काही जाणार नाही: व्हरांड्याचं टोक, ग्रंथालयाचा कोपरा. बंद दाराआड बोलावलंत तर बाहेर कुजबुज सुरू होते आणि ती त्यालाच भोगावी लागते.

काय बोलायचं तेही सांगतो. "तू लिहिलेलं वाचलं. माझ्यावर विश्वास टाकलास, त्याचं मोल मला आहे. हे माझ्याजवळच राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला मदत घ्यावी लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन." हे शेवटचं वाक्य वगळू नका. 'कुणालाही, कधीही सांगणार नाही' असं वचन देऊन नंतर मोडावं लागलं, तर तो पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसाजवळ मन मोकळं करणार नाही. मग हळूच विचारा: आणखी कुणाला माहीत आहे? कुणी त्रास देतंय का? घरी कळलं तर काय होईल असं वाटतं? कधी जीव नकोसा होतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायला शिक्षक कचरतात, पण विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याशी त्याच दिवशी बोला. सांगायचं ते धोक्याबद्दल. त्याला कोण आवडतं हे तिथंही सांगायची गरज सहसा पडत नाही.

'नक्की का रे?', 'या वयात असं होतं, जाईल', 'मला आधीच वाटलं होतं', ही तीन वाक्यं गिळून टाका. पहिल्या दोन्हींचा अर्थ 'माझा तुझ्यावर विश्वास नाही' असा होतो. तिसरं ऐकून तो घाबरतो, कारण बाईंना दिसलं म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार.

आता ती वही. त्या ओळींखाली शेरा लिहू नका. 'शाब्बास' नको, 'भेट' नको, लाल शाईची खूणसुद्धा नको. ती वही घरी जाते, सहीसाठी उघडते, शेजारच्या बाकावरून हात घालून कुणीही ओढते. निबंधाला भाषेचे आणि मांडणीचे जे गुण द्यायचे ते द्या. वह्या वाटायचं काम मॉनिटरकडे असलं, तरी ही वही तुम्ही स्वतःच्या हातानं द्या आणि एकच वेगळी दिसू नये म्हणून त्या दिवशी आणखी पाच-सहा जणांच्या वह्याही हाती द्या. ते पान ठेवायचं की काढायचं हे त्याचं त्यानं ठरवावं. तुम्ही फाडलंत तर त्याला वाटेल, बाईंना लाज वाटली.

घरी सांगू का, असं तुम्ही विचारलंय. नाही. मुलगा समलिंगी असणं हा आजार नाही आणि गैरवर्तनही नाही, त्यामुळे पालकांना कळवण्याजोगं त्यात काही घडलेलंच नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशन या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1973 साली समलैंगिकता आपल्या मानसिक विकारांच्या यादीतून काढली. 17 मे 1990 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनंही तेच केलं. ही बातमी कधी, कुणाला आणि कशा शब्दांत द्यायची, हे ठरवायचा हक्क त्या मुलाचा. घरी मारझोड होईल, शाळा सुटेल, घराबाहेर काढतील, याचा अंदाज त्याला तुमच्यापेक्षा चांगला आहे. टीचर्स रूममध्येही बोलू नका, नाव न घेतासुद्धा. 'माझ्या नववीतला एक जण' एवढ्यावरून लोक तर्क लावतात. समुपदेशकाकडे पाठवायचं असेल तर आधी त्याला विचारा आणि समुपदेशकाची भूमिकाही तपासून घ्या. 'बदलून दाखवतो' म्हणणाऱ्याकडे मूल पाठवू नका. अशा उपचारांनी लैंगिक कल, म्हणजे कोण आवडतं ते, बदलत नाही. मुलाची स्वतःबद्दलची घृणा तेवढी वाढते.

इथवर एका मुलाचं झालं. पण ज्यांनी वहीत काहीच लिहिलेलं नाही अशीही मुलं तुमच्या वर्गात बसलेली असतील, त्यांच्यासाठी बाकीचं सगळं करायचं.

सुरुवात शिवीपासून करा. भाषणानं करू नका. सभागृहात तीनशे मुलं बसवून बाहेरच्या पाहुण्यांचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान ठेवलं, की पहिल्या पाच मिनिटांत खसखस पिकते आणि सगळ्यांच्या माना एका ठरावीक मुलाकडे वळतात. त्या मुलाला ती चाळीस मिनिटं वर्षभर छळतात. याउलट वर्गात 'बायल्या' ऐकू आल्यावर तुम्ही दहा सेकंदांत काय करता, हे सगळी मुलं टिपत असतात.

त्या दहा सेकंदांत बोलायचं इतकंच: "हा शब्द माझ्या वर्गात शिवी म्हणून चालत नाही. आपण दुसऱ्या परिच्छेदावर होतो." आवाज चढवायचा नाही, प्रवचन द्यायचं नाही, आणि ज्याला चिडवलं त्याच्याकडे तर मुळीच बघायचं नाही. तुमची नजर गेली की वर्गाचीही जाते. तास संपल्यावर बोलणाऱ्याला पाच मिनिटं थांबवा आणि विचारा, 'तो शब्द वापरताना तुला काय म्हणायचं होतं?' बहुतेकांना धड सांगता येत नाही. त्याला उत्तर शोधू द्या. ज्याला चिडवलं त्याची चौकशी दुसऱ्या दिवशी, वेगळी, सहज बोलता बोलता. थेट मुख्याध्यापकांकडे पाठवण्याची घाई करू नका. एका शब्दासाठी एवढं झालं की मुलं शब्द टाकत नाहीत, जागा बदलतात. वर्गातली शिवी जिन्यात जाते.

म्हणून एक छोटी नोंदवही ठेवा. तारीख, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं, तुम्ही काय केलंत. नोंद तीन-चार ओळींची. ज्याला चिडवलं त्याच्या कलाबद्दल त्यात अक्षरही नको. सहा आठवड्यांनी चाळलीत की जागांचा नकाशा दिसेल: अमुक जिना, स्वच्छतागृहाचं दार, खेळाच्या तासाला कपडे बदलायची खोली. तिथे मधल्या सुट्टीत एक मोठं माणूस उभं राहिलं तरी बराच फरक पडतो. मुख्याध्यापकांसमोर ठेवायलाही हीच वही उपयोगी पडणार आहे.

आणि आपलं स्वतःचं बोलणं. 'मुलीसारखा काय रडतोस', 'बांगड्या भर' ही वाक्यं शिक्षकांच्याच तोंडून बाहेर पडतात. ती थांबली नाहीत तर मुलांना अडवण्यात काही अर्थ उरत नाही. रांगा, गट, संघ मुलगे-मुली असे पाडायची सवयही सोडता येते: हजेरी क्रमांक सम-विषम, जन्ममहिना, बाकांच्या ओळी. मराठीची गोष्ट मात्र जरा अवघड. 'तू आलास का', 'आलीस का', आपल्या क्रियापदाच्या शेपटातच लिंग असतं, आणि ट्रान्स मुलाला, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग ज्याला आपलं वाटत नाही अशा मुलाला, दिवसातून शंभर वेळा ते शेपूट टोचतं. पण तुम्ही मराठीच्या बाई आहात, वाटाही तुम्हाला ठाऊक आहेत. 'तू धडा वाचलास का?' इथे क्रियापद धड्यामागे जातं, वाचणाऱ्याचं लिंग उघड होत नाही. 'तू उद्या करशील', 'पुढे ये', 'झालं का लिहून?', यांतही नाही. अजून स्वतःचं नक्की न झालेल्या मुलाशी असं बोलत राहता येतं, आणि इतर कुणाला त्यात वेगळं काही जाणवत नाही.

ज्या मुलाचं नक्की झालंय आणि ज्यानं तुम्हाला वेगळं नाव सांगितलंय, त्याला तीन गोष्टी विचारा. हे नाव फक्त आपल्या दोघांत, की वर्गातही? इतर शिक्षकांना सांगायचं का? आणि घरी फोन करायची वेळ आली तर कुठलं नाव घेऊ? तिसरा प्रश्न राहून गेला तर एका फोनवर सगळं उघडं पडतं. जुनं नाव नको तिथे उगवतं ते बहुधा बदली शिक्षकाच्या हातातल्या हजेरीपटावर, प्रगतिपुस्तकावर, शाळेच्या अॅपवर आणि बक्षीस समारंभाच्या यादीत. या चार जागा आधी बघा. तोंडून चुकून जुनं नाव गेलं तर लगेच नवं म्हणा आणि पुढे चला. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलट तुमची समजूत काढायची जबाबदारी त्या मुलावर येते.

आता पाठांकडे. इथे तुम्हाला सर्वांत जास्त वाव आहे. वेगळा तास मागूच नका, जे शिकवताच त्यात राहून गेलेलं भरा. साधारण एका घटकाला एक उल्लेख पुरतो.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जर्मनीच्या धड्यात पुस्तकांच्या होळीचं चित्र बहुधा असतंच. 10 मे 1933, बर्लिन. त्या ज्वाळांत कुठली पुस्तकं होती, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरनं 1919 साली बर्लिनमध्ये लैंगिकताविज्ञानाची संस्था काढली होती. समलिंगी आणि ट्रान्स माणसं तिथे उपचारांसाठी, सल्ल्यासाठी, आसऱ्यासाठी येत. 6 मे 1933 रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिचं ग्रंथालय त्या होळीत गेलं. पुढे छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवला गेला. युद्ध संपलं तरी त्यांना गुन्हेगार ठरवणारं जर्मन कायद्यातलं 175 वं कलम राहिलंच. ते पूर्णपणे रद्द झालं 1994 साली. हे सांगायला तीन मिनिटं लागतात. चित्र तेच, धडा तोच, पण मागच्या बाकावरच्या एखाद्याला पहिल्यांदाच कळतं, की आपल्यासारखी माणसं इतिहासात होती.

फक्त शोकांतिका सांगू नका. ही चूक अगदी चांगल्या मनाचे शिक्षक करतात. अॅलन ट्युरिंगनं युद्धात जर्मनांची एनिग्मा सांकेतिक लिपी फोडण्यात मोठा वाटा उचलला, 1952 साली समलिंगी संबंधांसाठी त्याला दोषी ठरवून हॉर्मोन्स दिले गेले, 1954 साली तो गेला. हे सांगायलाच हवं, पण मुलांच्या हाती एवढंच पडलं तर 'असं आयुष्य असंच संपतं' एवढंच ती घरी नेतात. जोडीला सॅली राइड घ्या. 1983 साली अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन महिला, नंतर मुलांसाठी विज्ञान लिहिणारी. 2012 साली ती गेल्यावर जगाला कळलं, की 27 वर्षं तिची जोडीदार एक स्त्री होती. लिन कॉनवेला ती ट्रान्स असल्याचं कळल्यावर 1968 साली आयबीएमनं कामावरून काढलं. पुढे तिनं संगणकाच्या चिप आखायची पद्धतच बदलून टाकली आणि 2020 साली त्याच कंपनीनं तिची माफी मागितली. माणसाची ओळख आधी कामानं करून द्या, बाकीचं एका वाक्यात, जसं आपण 'त्यांची पत्नीही शास्त्रज्ञ होती' असं म्हणतो, त्याच सुरात.

मराठीच्या तासाला तर मूळ सामग्रीच तुमच्या हातात आहे. 'लिंग ओळखा' आलं की वर्गात हसू फुटतं. तिथेच थांबून दाखवा: ती खुर्ची, ते टेबल, तो पंखा. खुर्चीत बाईपण कुठे आहे? व्याकरणातलं लिंग शब्दाचं असतं. मूल, लेकरू, पोर यांना आपली भाषा नपुंसकलिंगी ठेवते आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मग साधित शब्दांचा अभ्यास म्हणून फळ्यावर विचारा, माणसाला कमी लेखणारे कोणकोणते शब्द बाईवरून तयार झालेत? 'बायल्या'चं मूळ वर्गच शोधून काढेल. बाईसारखं असणं ही शिवी का झाली, यावर नववीची मुलं फार गंभीरपणे बोलतात, आणि त्या चर्चेत कुणा एकाकडे बोट जात नाही.

विज्ञानाच्या सहकाऱ्यांना दोन गोष्टी सुचवा. 'उभयलिंगी' हा शब्द गांडुळाला वापरतात तेव्हा एकाच शरीरात दोन्ही इंद्रियं असा अर्थ असतो. माणसाला वापरतात तेव्हा बहुधा दोन्हींबद्दल आकर्षण वाटणारी व्यक्ती. हे सांगितलं नाही तर मुलं दोन्ही अर्थ एकत्र कालवतात. दुसरं, 'एक्सएक्स म्हणजे मुलगी, एक्सवाय म्हणजे मुलगा' यात 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द घाला. एक्सवाय गुणसूत्रं असूनही शरीरातल्या पेशी पुरुषी संप्रेरकाला दादच देत नाहीत, तेव्हा शरीर बाहेरून मुलीचं घडतं. अशी व्यक्ती त्याच वर्गात असू शकते, आणि कदाचित तिला स्वतःलाही ते माहीत नसेल. क्लाउनफिशच्या गटातली मादी मेली की तिचा नर मादी होतो, हेही जरूर सांगावं, निसर्गाचं वैविध्य म्हणून. पण 'प्राण्यांत चालतं, म्हणून माणसांत योग्य' असा युक्तिवाद करू नये. लगेच एखादा हुशार मुलगा म्हणेल, काही प्राणी आपली पिल्लंही खातात. माणसाचा मान माशावर टेकवायचं कारण नाही.

'समलैंगिकता: योग्य की अयोग्य?' असा वादविवाद कधीही ठेवू नका. समोर बसलेल्या मुलाच्या असण्याला विरोधी बाजू द्यायची नसते. आणि माहीत असलेल्या मुलाला 'तू सांग, तुमच्यात कसं असतं' म्हणून उभं करू नका. प्रश्न मुलांच्या मनात असतात, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या घ्या, पण अशा, की सगळेच लिहितील: एकसारखे कागद, दहा मिनिटं, नाव नाही, ज्याला प्रश्न नाही त्यानं फळ्यावरचं वाक्य उतरवायचं. फक्त प्रश्न असणाऱ्यांनी लिहायचं ठेवलं तर लिहिणारे उघडे पडतात. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, सहा-सात निवडा आणि पुढच्या तासाला स्वतःच्या शब्दांत विचारा, म्हणजे वाक्यावरून कुणी ओळखू येणार नाही. अक्षर तुम्ही ओळखाल, ते पोटात ठेवा, आणि चिठ्ठ्या फाडून टाका.

राहिले मुख्याध्यापक. त्यांची भीती खोटी नाही, पण भीतीपोटी गप्प राहिलं की काय होतं हे ब्रिटननं पाहिलंय. 1988 साली तिथे 28 वं कलम आलं: स्थानिक प्रशासनानं समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये. त्याखाली एकाही शिक्षकाला शिक्षा झाली नाही, तरी शिक्षक इतके धास्तावले, की मुलं छळली जात असतानाही तोंड उघडेनात. स्कॉटलंडनं ते 2000 साली काढलं, इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 साली गेलं. त्याच स्कॉटलंडच्या सरकारनं 2018 साली हा विषय सरकारी शाळांच्या शिक्षणातच सामावून घ्यायच्या शिफारशी स्वीकारल्या.

मुख्याध्यापकांकडे 'विषय' घेऊन जाऊ नका. सहा आठवड्यांच्या नोंदी आणि एक पान घेऊन जा. पानावर तीनच मागण्या. शाळेच्या छळविरोधी नियमात 'लैंगिक कल आणि लिंगभाव यांवरून चिडवणं' हे शब्द स्पष्ट घालावेत. 'कुणालाही चिडवू नये' एवढ्यानं भागत नाही, कारण या शिव्या मस्करीत मोजल्या जातात. दुसरी, आतून कडी लागणारं एकट्याचं एक स्वच्छतागृह कुणालाही, न विचारता वापरता यावं. किल्ली ऑफिसात मागावी लागली तर कुणी जाणार नाही, आणि जी मुलं शाळेत लघवीला जायला घाबरतात ती दिवसभर पाणीच पीत नाहीत. तिसरी, प्रवेशअर्जावर 'वडील' आणि 'आई' ऐवजी 'पालक 1' आणि 'पालक 2'. ही मागणी एकट्या आईच्या, आजोबांच्या, मावशीकडे वाढणाऱ्या मुलांच्याही सोयीची आहे, त्यामुळे बहुधा सर्वांत आधी हीच मान्य होते.

पालक आलेच तर बसवून घ्या आणि पाठ दाखवा. 'हे शिकून मुलं तशी होतील' असं म्हणाले, तर शांतपणे सांगा, की आजवरच्या प्रत्येक पुस्तकात राजा-राणी आणि नवरा-बायकोच होते, तरी समलिंगी मुलं जन्मली आणि वाढली. दोन आयांच्या घराचा उल्लेख हा राजा-राणीच्या गोष्टीइतकाच लैंगिक आहे. आणि कुणाचं मूल कसं आहे यावर त्या बैठकीत एक शब्दही बोलायचा नाही, त्यांनी विचारलं तरीही.

पुढच्या वर्षी तो निबंधवाला मुलगा तुमच्या वर्गात नसेल. तेव्हा जाताना त्याला विचारा, नव्या वर्गशिक्षकांना मी काही सांगू का? 'नको' म्हणाला तर नको. मधल्या सुट्टीत तुम्ही कुठे सापडता, तेवढं त्याला सांगून ठेवा.